जड गावातलं हलकं सामान

"कापिला! ह्यानें ब्रश कापिला! या, या, पाहा सगळीं, माझ्या पोटच्या पोरानें दांत घासावयाच्या ब्रशाची मूठ करवतीनें कापिली!"

अप्पा आधी हे माजघरात मराठीतून ओरडले, घरच्यांसाठी. मग ओट्यावर जाऊन तमिळमधून ओरडले, गल्लीसाठी. एका हातात ब्रशाचं मुंडकं, दुसऱ्या हातात धड. आमची गल्ली कावेरीकडे उतरते, त्यामुळे आवाज आपल्याच पायांनी नदीपर्यंत जातो. विड्याची पानं विकणारी बाई डोक्यावरच्या टोपलीसकट थांबली. समोरच्या घरात वीणेची शिकवणी चालली होती, ती एका स्वरावर अडकून थांबली. देवळाची हत्तीण आंघोळीला निघाली होती, तीसुद्धा थांबली, आणि माहुतानं वरून वाकून विचारलं, "काय झालं रायरे?" कुंभकोणात आम्हा मराठी घरांना तमिळ लोक रायर म्हणतात. अम्माचं म्हणणं, हत्तीण केळीच्या सालींसाठी थांबली होती. अम्माला इतिहासाची जाण कधीच नव्हती.

"वजन कमी करतों, अप्पा," मी आतूनच म्हणालो.

"कोणाचें? दांतांचें?"

गल्ली हसली. माहूत हसला. हत्तीणही हसली असं मी म्हणणार नाही, पण तिचे कान हलले.

यंदाही आडी महिना लागला आणि हे सगळं पुन्हा कानात सुरू झालं. आडी म्हणजे आषाढ-श्रावणाच्या सांध्यावरचा तमिळ महिना. उन्हाळाभर आमची कावेरी म्हणजे नुसती वाळू असते. लोक तिच्यातून सायकली ढकलत पलीकडे जातात. मग वरून धरणाचं पाणी सोडतात, आणि एका सकाळी ते येतं. येतं म्हणजे काय, एखादा लाजरा पाहुणा यावा तसं येतं. आधी वाळलेली पानं, काटक्या आणि फेस पुढे ढकलत एक तपकिरी कड सरपटत येते. वाळू चुर्र चुर्र आवाज करत ते पिऊन टाकते, आणि तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा वास सगळ्या गल्लीत शिरतो. दुपारपर्यंत घोटा, संध्याकाळपर्यंत गुडघा. त्या दिवशी मी कपाटावरचा तांब्याचा चेंबू खाली काढतो आणि चिंचेनं घासायला बसतो. चेंबू म्हणजे गोल पोटाचा, अरुंद गळ्याचा लोटा. ह्याला फिरकीचं झाकण आहे. घासता घासता मला राग येतो. इतक्या वर्षांनीही येतो. तांबं लख्ख होत जातं आणि मी काळवंडत जातो.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. नेमकं साल विचारू नका, माझ्या तोंडून निघालेल्या आकड्यावर गावात कोणी विश्वास ठेवत नाही. मी एका शिकवणी वर्गात नापास मुलांना गणित शिकवत होतो. मद्रासच्या एका गिर्यारोहण मंडळाची हिमालयात पायी सहल निघणार होती: फुलांनी भरलेली एक दरी पाहायची, मग बदरीनारायणाचं दर्शन घेऊन परत. मी नाव दिलं, आणि मंडळानं घेतलं. मंडळाचे म्होरके एक निवृत्त व्यायामशिक्षक होते. सैन्याशी त्यांचा संबंध कधी आला नव्हता, तरी सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. त्यांचा नियम एकच. मद्रास सेंट्रलच्या फलाटावर ते स्प्रिंगचा काटा घेऊन उभे राहत आणि प्रत्येकाची पाठपिशवी त्याला टांगत. काट्यावर एका जागी लाल दोरा बांधलेला असे. सुई दोऱ्याच्या पलीकडे गेली की तो माणूस फलाटावरूनच घरी. रडून उपयोग नाही, तिथेच उघडून दोन वस्तू काढतो म्हणूनही उपयोग नाही. "ज्याला घरी निवडता येत नाही त्याला डोंगरात काय निवडता येणार?" हे त्यांचं म्हणणं. एकाचं ओझं शेवटी सगळ्यांच्या गुडघ्यात जातं, असंही ते म्हणत.

म्हणजे प्रश्न साधा होता. पिशवी हलकी झाली तर हिमालय, नाही तर पहिल्या गाडीनं परत कुंभकोण, ओट्यावर अप्पा, आणि मागून सगळी गल्ली.

मला जायचं होतं हो. तुम्हाला हसू येईल, पण तोवर मी कुठेही मोकळ्या हातांनी गेलो नव्हतो. आमच्या घरचा प्रवास म्हणजे वळकटी, ट्रंक, पाण्याचा कूजा, दुपारचा डबा, रात्रीचा डबा, आणि डबे सांडले तर खायचा डबा. तिरुनीलक्कुडीच्या देवाला जायचं तर बसनं अर्ध्या तासाची वाट, पण आम्ही बसमधून उतरलो की तिथले लोक विचारत, "राहायला आलात की काय?" आपल्याला लागणारं सगळं आपल्या एकट्याच्या पाठीवर मावतं का, एवढंच मला एकदा बघायचं होतं. मावत असेल तर माणूस कुठेही जाऊ शकतो. नसेल मावत तर मग बसावं गणित शिकवत.

पण हलकेपणा कुठे शोधायचा? कुंभकोणात?

आमचं गाव पितळेचं आहे. इथे भांडं डौलावर विकत नाहीत, वजनावर विकतात. दुकानदार ते तराजूत टाकतो, आणि पारडं धाडकन खाली गेलं की गिऱ्हाइकाचं तोंड फुलतं. नवी सून भांडी घेऊन आली की शेजारणी बघायला येतात. बघत नाहीत, उचलतात. उचलून जागच्या जागी किंचित वरखाली करतात आणि मग भुवया ठरवतात. आमच्याकडची माणसं तान्हं मूलसुद्धा तसंच उचलतात. अशा गावात मी मोठ्या रस्त्यावरच्या चेट्टियारांच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "तुमच्याकडचं सगळ्यात हलकं पातेलं दाखवा."

चेट्टियार हिशेब करता करता थांबले. माझ्या खांद्यावरून त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

"रायरे, घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. मला हलकं हवंय. पातळ पत्र्याचं. अ‍ॅल्युमिनियमचं असलं तरी चालेल."

"अ‍ॅल्युमिनियम!" त्यांनी नोकराला पाणी आणायला पाठवलं, ते माझ्यासाठी की त्यांच्यासाठी हे कळलं नाही. मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्या आजोबांनी ह्या दुकानातून कढई नेली, ती उचलायला दोन माणसं लागली. तुमच्या वडिलांनी पाण्याची घागर नेली, ती अजून बैलगाडीला घाबरत नाही. आणि तुम्ही मला, माझ्या दुकानात येऊन, हलकं मागता?"

"डोंगर चढायचाय, चेट्टियार."

"मग डोंगराला शोभेल असं न्या!" असं म्हणून त्यांनी माझ्यासमोर काशाचा भाताचा हंडा ठेवला. तो ठेवल्यावर दुकानाची फरशी, खरं सांगतो, चांगली बोटभर खचली. आजही तो खळगा दाखवता येईल, पण मधे त्यांनी फरशी बदलली.

आमच्या गावात हलकी वस्तू मिळतच नाही असं नाही. विड्याचं पान मिळतं, जिभेवर विरघळणारं कोवळं पान. पण पान आलं की चुना आला, आणि चुना आला की चुन्याची पितळी डबी. कापूर मिळतो, तो तर हवेत उडून जाईल इतका हलका. त्याला पितळेचा करंडा. गोपीचंदनाचा खडा बोटाएवढा, पण आम्ही माध्व वैष्णव, त्या चंदनाचे शंख-चक्राचे ठसे अंगावर उमटवायचे, म्हणजे पितळेच्या मुद्रा आल्या, आणि त्या मुद्रांना पितळेची पेटी. कॉफीची पूड मूठभर, तिच्यासाठी पितळेचं फिल्टर, पितळेचा पेला आणि पेल्याखालची वाटी. मी चमच्याच्या दांडीला भोकं पाडून तीन गुंजा वाचवल्या, अन् अम्मानं तो चमचा हरवू नये म्हणून डब्यात घातला. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटे. भिंतही आमचीच, तीही जाड.

अम्माशी भांडण निराळंच होतं. तिला वजन कळतच नव्हतं, तिला कळत होतं सोवळं. "कोण कोठला शिजवील, कोठल्या हातानें वाढील, तें तूं खाशील? हंडा घे. दोन मुठी तांदूळ घे. तुझें तूं शिजव."

"अम्मा, हंड्यासकट मी उभासुद्धा राहूं शकत नाहीं."

"मग बैस. बसून शिजव. उभ्यानें कोण शिजवतें?"

त्या सगळ्या महिन्यात एकदाच माझी आणि अम्माची एका वस्तूवर सहमती झाली. दारासुरमला कुप्पुसामी नावाचा माझा एक माजी विद्यार्थी होता, सौराष्ट्र विणकरांच्या घरातला. त्यांची घरची भाषा गुजरातीच्या जवळची, आमची मराठी जुनाट, आणि दोघांचंही बाहेर तमिळ. त्यामुळे आम्ही एकमेकांशी तिन्ही भाषांत चुका करत गप्पा मारायचो. टाउन बसनं त्याच्याकडे गेलो. ओळीनं घरं, घराघरातून मागाची खटखट, दारात रंगवलेलं रेशीम वाळत घातलेलं. मी म्हणालो, मला रेशमाची पिशवी शिवून दे, माणूस आत शिरून झोपेल एवढी. रेशीम हलकं, उबदार, मुठीत मावतं.

कुप्पुसामीनं माग थांबवला. मग म्हणाला, "सार, रेशमात माणूस दोनदाच गुंडाळतात. लग्नात आणि शेवटी. तुम्हाला कुठलं हवंय?"

पण त्यानं दिलं. विणताना पदर बिघडलेली एक साडी पडून होती, तिचीच पिशवी केली. घरी आणली तर अम्मा प्रसन्न. रेशीम सोवळ्याचं! रेशमाला विटाळ लागत नाही! माझा हलकेपणा आणि तिचं सोवळं पहिल्यांदाच एका धाग्यात आले. मी देवाला नमस्कार केला. वर बघतो तर अम्मा पिशवी उलटसुलट करून शोधत होती.

"जर कोठें आहे?"

"जर नाहीं. मुद्दाम काढविली. वजन होतें."

"बिनजरीचें रेशीम?" तिनं पिशवी माझ्या हातात परत दिली, दोन बोटांनी. "शुभकार्याला जातोस कीं कोठें जातोस?" दुसऱ्या दिवशी ती स्वतः टाउन बसनं दारासुरमला गेली आणि चांगले बोटभर जरीचे काठ लावून आणले.

आणि खुद्द पाठपिशवी! ती शिवली बसच्या सीटा शिवणाऱ्या शिंप्यानं. त्याला वाटलं, पाठीला आराम हवा, म्हणून त्यानं आत काथ्या भरला. पट्ट्यांना सायकलची ट्यूब. पहिल्यांदा पाठीला लावून रस्त्यातून चाललो तेव्हा स्टँडवरच्या एका म्हातारीनं मला हात दाखवला आणि विचारलं, पट्टीश्वरमला थांबणार का?

मी काथ्या उपसून काढला. अम्मानं रिकाम्या जागेत चकल्या भरल्या. चकल्या मी काढल्या. तिनं लोणचं घातलं. सदऱ्याची जास्तीची बटणं मी कापली, अप्पांनी ती वेचून काढून पुरचुंडीत बांधून बाजूच्या कप्प्यात घातली, "लागतील." सकाळी माझी पिशवी रोड होई आणि मी शिकवणीहून येईपर्यंत पुन्हा बाळसं धरी. माझ्या रागाला त्या दिवसांत इतकी धार आली होती की अम्मा माझ्यासमोर भाजी ठेवायची आणि ती आपोआप चिरली जायची.

ह्या सगळ्यात अप्पांचा ओरडा मला सर्वात जास्त का झोंबत होता, ते सांगतो. अप्पा रेल्वेत पार्सल क्लार्क होते. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचं सामान तोललं. पानांच्या करंड्या, पितळेच्या समया, रेशमाचे गठ्ठे. दिल्ली, काशी, हरिद्वार असे पत्ते स्वतःच्या हातांनी लिहिले, आणि स्वतः मात्र मद्रासच्या वर गेले नाहीत. नोकरीमुळे फुकट प्रवासाचा पास मिळायचा. दर वर्षी ते उत्तरेचा पास काढत, बदरीला जायचं म्हणून. नोकरी लागली तेव्हाच त्यांनी तो तांब्याचा चेंबू घेतला होता, बदरीच्या नदीचं तीर्थ आणायला. दर आडीला कावेरीला पाणी आलं की चेंबू खाली काढत, चिंचेनं घासत, उन्हात ठेवत. मग पासाची मुदत संपे, आणि चेंबू पुन्हा कपाटावर जाई. पुढे निवृत्त झाले, पास थांबले. चिंच थांबली नाही.

मी एकदा विचारलं होतं, "अप्पा, गेलां कां नाहीं कधी?"

"सामान फार होतें," ते म्हणाले.

खरंच होतं. वळकट्या, भांडी, सोवळ्याची पेटी, शिधा, म्हातारी आत्या. प्रत्येक वर्षी ते मनातल्या मनात सगळं काट्यावर चढवत आणि काटा खाली उतरतच नसे. आणि आता त्यांचा पोरगा, अर्धा ब्रश घेऊन, तिथेच निघाला होता. मी त्यांच्या जागी असतो तर मीही ओरडलो असतो. तेव्हा हे कळलं नाही. तेव्हा मी त्यांना उलट ओरडलो, "तुमच्यासारखें काटा बघत बसलों तर मीहि इथेंच मरेन!" पुढे दोन दिवस अप्पा ओट्यावर आले नाहीत, आणि गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

निघायच्या दिवशी दुपारी अप्पा म्हणाले, "नदीवर जाऊन स्नान करून ये. नवें पाणी आलें आहे. तोंवर पिशवी देवापुढें बांधतों."

आमच्या घरची रीत अशी, की लांबच्या यात्रेला जाणाऱ्याचं सामान देवापुढे बांधायचं, गाठीवर लाख ओतायची आणि गरम लाखेवर शंखाची मुद्रा दाबायची, तीच, गोपीचंदनाची. ती लाख तीर्थात पहिलं स्नान होईपर्यंत फोडायची नाही. विष्णूचा शंख फोडण्याची छाती आमच्या सात पिढ्यांत कोणाची झाली नाही. मी पाण्यात डुंबत बसलो आणि मनात म्हणालो, संपलं. आता दोघं मिळून हंडा, कढई, आत्याची पेटी, जमलं तर चेट्टियारांचं दुकान, सगळं आत घालणार, वर शंख ठोकणार, आणि मी ते उघडूही शकणार नाही. परत आलो तर पिशवी देवापुढे उभी होती, लालबुंद लाखेचा टिळा लावून. अम्मा डोळे पुसत होती. अप्पा हातावरची लाख खरवडत होते. पिशवी उचलली. किती जड लागली सांगू? मला ती हत्तिणीएवढी लागली. पण खरं सांगायचं तर भीतीनं माझे हात इतके गार पडले होते, की त्यांत कापसाचा बोळा दिला असता तरी मी वाकलो असतो.

गाडीत समोरच्या माणसानं शंखाकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यात काय आहे?"

काय सांगणार? मी म्हणालो, तंजावरच्या राजांच्या घरचा जिन्नस आहे, जास्त विचारू नका. विळुपुरम येईपर्यंत डब्यातली सगळी माणसं माझ्या पिशवीला पहारा देत होती. एकानं तर मला प्रसाधनगृहात जाताना हटकलं.

सेंट्रलच्या फलाटावर माझ्या पुढच्या माणसाची पिशवी दोऱ्याच्या पलीकडे गेली. तो कॅप्टनच्या हातापाया पडला आणि मग आपली पिशवी ओढत जिन्याकडे गेला. कॅप्टननं माझी पिशवी काट्याला अडकवली, लाखेकडे पाहून नाक मुरडलं आणि हात सोडला. सुई खाली आली. येत राहिली. लाल दोऱ्याला टेकली. आणि तिथेच थांबली, जशी काही दोऱ्याशी तिची सोयरीक ठरली होती. कॅप्टननं काट्यावर टिचकी मारली. सुई हलली नाही.

"कोणी भरली ही?"

"वडिलांनी."

"काय करतात?"

"पार्सल ऑफिसात होते."

कॅप्टननं मान हलवली आणि पुढच्याला हाक मारली.

हृषीकेशला गंगेत बुडी मारली आणि किनाऱ्यावर बसून लाख फोडली. हंडा नव्हता. कढई नव्हती. एकही डबा नव्हता! कापूर कागदात, चिंचभाताचा, पुळिओगरेचा कोळ केळीच्या सुकल्या पानात बांधलेला, दोऱ्याचे वेढे असे की एक थेंब बाहेर नाही. गोपीचंदनाचा खडा, तोही अर्धा, मधोमध करवतीनं कापलेला. माझे कपडे, माझा तुटका ब्रश. जरीची रेशमी पिशवी. आणि मधोमध, पोहे ठासून भरलेला, झाकणावरून फडकं बांधलेला, चिंचेनं लख्ख घासलेला तांब्याचा चेंबू. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. अप्पांनी जन्मात पार्सलवर पत्त्याशिवाय काही लिहिलं नव्हतं.

मी पिशवी झटकली. पुन्हा झटकली. माझा स्वेटर नव्हता.

मद्रासहून मुद्दाम मागवलेला, माझा एकुलता एक लोकरीचा स्वेटर! काट्याचा हिशेब जुळवायला अप्पांनी चेंबू आत घातला आणि त्याच्या भारोभार स्वेटर बाहेर काढला. कुंभकोणात बसून ज्या माणसानं जन्मात थंडी पाहिली नाही, त्याला स्वेटर ही चैन वाटणारच. गंगेच्या काठावर उभा राहून मी दक्षिणेकडे तोंड करून जे काही ओरडलो, ते ऐकून दोन साधू उठून पलीकडे जाऊन बसले.

पुढे काय भोगलं ते कोणाच्या वैऱ्यालाही नको. दरीत फुलं होती म्हणतात. मला आठवतात ते माझे दात, आणि तो अर्धा ब्रश, जो थंडीनं हातातून निसटून चार वेळा खाली पडला, कारण त्याला मूठ नव्हती. सगळे कपडे एकावर एक चढवून वरून जरीकाठी रेशीम पांघरून मी चालत होतो. धुकं इतकं दाट, की मागून येणारे माझ्या जरीच्या चमकीवर वाट काढत होते. एका खेचरवाल्यानं मला लग्नाचा घोडा हवा का म्हणून विचारलं.

बदरीला नदी बोलत नाही, गर्जते. मी दगडाला एका हातानं धरून चेंबू पाण्यात घातला तर पाण्यानं तो अशा ओढीनं खेचला, की जणू काही इतकी वर्षं त्याचीच वाट बघत होतं. मनगट निळं पडलं. भरला, झाकण फिरवलं, वर मेण लावलं. आणि तेव्हा मला आठवलं, की तीर्थाचं भांडं घरी पोचेपर्यंत जमिनीला टेकवायचं नसतं.

म्हणजे सगळा परतीचा हिंदुस्थान मांडीवर. बसमध्ये मांडीवर, धर्मशाळेत पोटावर, दिल्लीच्या फलाटावर काखेत. जेवताना शेजारच्याच्या हातात, शेजारी जेवताना त्याच्या शेजाऱ्याच्या. पाण्यानं भरलेलं तांबं किती जड असतं हे ज्यानं अख्खा देश ते कवेत घेऊन बघितला नाही, त्यानं मला वजनाबद्दल शिकवू नये. मी तर ब्रशाची मूठ कापून घरातून निघालो होतो हो!

आता मंडळाची नवी पोरं माझ्याकडे सल्ला घ्यायला येतात. त्यांच्याकडे नायलॉनच्या पिशव्या आहेत, पिसासारखे तंबू आहेत, परदेशातून आलेली वजनांची सूचीपत्रं आहेत. "सार, आणखी काय कमी करता येईल?" मी त्यांना पुष्कळ सांगतो. काय कमी करायचं ते मला सगळं येतं. एवढं करून माझी स्वतःची पिशवी भरायला घेतली की घरात बायको विचारते, "लोणचें घातलें का?" आणि मी ओरडतो. इतका ओरडतो की गल्ली थांबते. आवाज कोणाचा हे आता मला ऐकू येतं.

परत आलो तेव्हा आडी सरत आला होता, कावेरी काठोकाठ. अप्पा ओट्यावर बसलेले. मी वेशीपासूनच सुरू केलं होतं; पानवाली, वीणेच्या बाई, सगळे मागून आले. चेंबू कवेत धरून मी सांगत सुटलो: स्वेटर कसा नव्हता, दात कसे वाजले, हे भांडं कसं मणाचं होतं, मांडीवर घट्टे कसे पडले, इटारसीला हात कसे गळून पडले आणि नागपूरला कसे परत आले, आणि ही असली धोंड पोराच्या पाठीवर घालणाऱ्या बापाला काय म्हणावं. गल्ली हळहळली. अम्मानं तोंडाला पदर लावला.

अप्पा उठले. पाय धुऊन आले. दोन्ही हात पुढे केले आणि मी त्यांत चेंबू ठेवला. त्यांनी तो छातीशी घेतला नाही, कपाळाला लावला नाही. आयुष्यभर पार्सलं उचलली तसा उचलला, जागच्या जागी किंचित वरखाली केला, डोळे मिटून. बराच वेळ. मेणाला हात लावून बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"एवढें कांहीं जड नाहीं," ते म्हणाले.